उजव्या हातातली चावी

...आणि वर मलाच विचारतात हो, 'पण डाव्या हातात का नाही घातलीत?' जो येतो तो हेच! अरे, माझ्या हातात चिप आहे, आख्खी चिप, काचेच्या नळीतली, बासमतीच्या दाण्याएवढी, कातडीच्या खाली, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या मांसात... हे ऐकून माणसानं काय विचारावं? दुखतं का? बायको काय म्हणाली? वेड लागलंय का? काहीही विचारा! पण नाही, 'डाव्या हातात का नाही?' बसा, सांगतो. तुम्हाला सांगतो, खरं म्हणजे हे माझ्या बायकोलाच विचारायला पाहिजे, पण ती आता नाशिकला आहे, आणि ती नाशिकला का आहे तेच तर सांगायचंय मला, पण ते पुढं येईल.

मी संजीव. दोह्यात एसीच्या कंपनीत सुपरवायझर. आता कतारमध्ये माणूस जेवणाशिवाय एक वेळ काढेल, एसीशिवाय नाही, तेव्हा मला इथं मान आहे बऱ्यापैकी. राहायला अल मन्सूरात, जुन्या बिल्डिंगमध्ये, खाली केरळवाल्याचं हॉटेल, शेजारी वाणी, त्याच्याकडे भडंगसुद्धा मिळायचं. मी, आसावरी आणि आमचा मिहीर. मिहीर रांगत होता तेव्हापासून तोच फ्लॅट. लिफ्टला धाप लागायची, उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळातून चहाचं पाणी यायचं, पण घर म्हणजे घर! आणि एक दिवस मालकानं काय करावं? लिफ्ट बदलली? नाही. नळ? नाही. दारांना कार्डाची कुलपं बसवली! कार्ड टेकवा, हिरवा दिवा, टिंग, दार उघडलं. मी एजंटला विचारलं. इनायत त्याचं नाव, हैदराबादचा, गोड माणूस, तोंडात सदा वेलची. म्हटलं, इनायतभाई, इसकी क्या जरूरत थी? तर मान अशी तिरकी करून म्हणतो, 'क्या है ना संजीवभाई... वर्ल्ड कप आ रा ना.'

बस्स! त्या दिवसांत दोह्यात कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर एकच. रस्ता का खणला? वर्ल्ड कप. कालच बुजवला होता की, परत का खणला? वर्ल्ड कप! कोथिंबीर महाग का? अहो वर्ल्ड कप, तुम्हाला कळत कसं नाही! फुटबॉल आणि कोथिंबीर यांचा संबंध काय, असं विचारायची सोय नाही.

तर ते कुलूप. ते दार आपोआप बंद व्हायचं आणि आपोआप कुलूप लागायचं. आणि मी कसा? मी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर पडणार, कार्ड आत टेबलावर, मागं दार खट्ट! आसावरी शिकवण्या घ्यायला मदिनत खलीफाला, मिहीर शाळेत, आणि मी बनियन आणि हाफपँटमध्ये जिन्यावर. वरच्या मजल्यावरचे लोक येतात, जातात, सलाम करतात, मी बसल्या बसल्या सलाम घेतो. इनायत येऊन दार उघडायचा आणि म्हणायचा, 'फिर से?' किती वेळा झालं असेल? जाऊ दे, जिन्यावर माझी ठरलेली पायरी होती इतकं सांगतो.

आता इथं देवव्रत येतो. आमच्याच कंपनीत, आयटीत. पुण्याचा. लग्न केलं नाही, छंद केले. स्वतःच्या डाव्या हातात चिप घालून घेतली होती त्यानं, हात टेकवला की लॅपटॉप उघडायचा. मला म्हणतो, 'संज्या, जिन्यावर बसतोस काय अडाण्यासारखा! कार्ड विसरशील, हात विसरशील का?' आता हे ऐकायला बरोबर वाटतं की नाही? मलाही वाटलं! परदेशातून पाकीट मागवलं त्यानं. त्यात चिप, हातमोजे, पट्टी आणि सुई... सुई कसली हो, बैलाला टोचतात तसली! मी म्हटलं डॉक्टर कुठंय? तर म्हणतो, 'डॉक्टर कशाला? मी व्हिडिओ बघितलेत.'

आमच्याच स्वयंपाकघरात, ओट्यावर पेपर पसरून. मला वाटलं आसावरी थयथयाट करेल. तुम्हाला सांगतो, मी मनातून तीच वाट बघत होतो की ती ओरडेल आणि मी सुटेन! ती आली, चहा ठेवला, सुई बघितली, माझा डावा हात ओट्यावर बघितला आणि म्हणाली, 'हे काय? डावा?'

देवव्रत म्हणाला, 'वहिनी, सगळे डाव्यातच घालतात. उजवा कामाचा हात, आपटतो, घासतो. शिवाय आपण मोबाईल, कार्ड सगळं उजव्या हातात धरतो, त्यात घोटाळे होतात.'

'ते असेल,' आसावरी म्हणाली, 'पण घरात शिरताना डावा हात पुढं? प्रसाद घेता का डाव्या हातानं? लग्नात मला माप ओलांडायला लावलंत ते उजव्या पायानं, मी जरा डावा उचलला तर सासूबाई केवढ्या ओरडल्या होत्या, आणि आता हा रोज घराला डावा हात लावणार?'

'वहिनी, अहो हे सायन्स आहे.'

'असू दे ना. उजव्या हातात घाला सायन्स.'

झालं! मी दोघांच्या मधे, हात कुणाचा? माझा! विचारलं कुणी मला? देवव्रतनं बधिर करायचं मलम काढलं, आख्खी ट्यूब पिळली माझ्या उजव्या हातावर, पुरणपोळीवर तूप घालतात तशी, आणि मी डोळे मिटले, आणि तो म्हणाला, 'झालं.' म्हटलं, काय झालं? 'चिप गेली आत.' आसावरी म्हणाली, 'दुखलं का रे?' मी म्हटलं, काही वाटलं नाही. खरंच. काही वाटलं नाही.

मग कार्डावरचा नंबर त्यानं चिपमध्ये उतरवला, जसाच्या तसा. आणि म्हणाला, आता मी ही चिप लॉक करतो, म्हणजे येता-जाता कुणी तुझ्या हातावर दुसरं काही लिहायला नको. अरे, पण माझ्या हातावर कोण लिहायला बसलंय? 'सिक्युरिटी, संज्या, सिक्युरिटी!' केली लॉक. कायमची. आता तो नंबर बदलत नाही, पुसत नाही, जन्मभर या हातानं एकच दार उघडणार. मी म्हटलं ठीक आहे, लग्नही आपण असंच केलं.

आणि तुम्हाला सांगतो, पहिले काही महिने काय ऐट! दोन हातांत पिशव्या, नुसता उजवा पंजा दाराला लावला की टिंग! पाहुणे आले की त्यांना मुद्दाम बाहेर उभं करून मी दार ओढून घ्यायचो आणि परत उघडून दाखवायचो. मिहीर म्हणायचा, 'बाबा, प्लीज, नॉट इन फ्रंट ऑफ माय फ्रेंड्स!' त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलणार इंग्रजीत. आणि मित्र आले की हाच त्यांना कोपऱ्यात घेऊन सांगणार, 'माय डॅड इज अ सायबॉर्ग.' मी ऐकलंय!

पण मग लागले ना भोग सुरू व्हायला! उजवा हात! मोबाईल उचलला की टिंग... 'नवीन टॅग सापडला. उघडू का?' अरे नको उघडूस, माझाच हात आहे! परत उचलला, टिंग! मेट्रोच्या गेटवर कार्ड उजव्या हातात धरलं की गेटला एकदम दोन कार्डं दिसायची, एक बोटांतलं आणि एक कातडीतलं, आणि ते भंजाळून लाल दिवा लावायचं. मागं ही रांग! मग मी कार्ड डाव्या हातात घेऊन, उजवा हात पाठीमागं लपवून, असा वाकडा होऊन गेट पार करायचो, आणि गार्ड बघतोय की याच्या पाठीमागं काय आहे! आणि मंडळाच्या गणपतीत? लशीमध्ये चिप असते असं ग्रुपवर जगाला सांगणाऱ्या सरोजवहिनी, त्या माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायला लागल्या! 'नाही हो, तुमच्याबद्दल काही नाही, पण ते सगळं ऐकत असतील ना...' कोण ऐकतंय? काय ऐकतंय? मोदकात गूळ कमी पडला हे? नाशिकहून आई फोनवर, 'संजू, खरं सांग, पेसमेकर बसवला ना तुला?' म्हटलं आई, पेसमेकर हातात बसवतात का? 'तुमच्या तिकडं काय, कुठंही बसवतील.'

लोक हसायचे, दूर बसायचे. मला काही वाटलं नाही. दार उघडत होतं ना? मग!

आणि मग दारावर इनायत आला. बेल वाजवली त्यानं, आणि मी तुम्हाला सांगतो, एजंट जेव्हा बेल वाजवून आत यायचं टाळतो, चहा नको म्हणतो, तेव्हा समजायचं. तोंडात वेलचीसुद्धा नव्हती. 'संजीवभाई, मालिक बोले कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नई होता.' का? सगळं वेळेवर भरतो आम्ही, भिंतीला खिळासुद्धा विचारून ठोकतो! तो जमिनीकडे बघत म्हणाला, 'अब क्या बोलूं मैं...' म्हटलं नका बोलू. मीच बोललो. वर्ल्ड कप. तर म्हणाला, 'हौ.'

मालकाला फ्लॅट प्रेक्षकांना द्यायचा होता. एका खोलीत चार, दुसऱ्या खोलीत चार, हॉलमध्ये अजून. आम्ही तिघंच राहत होतो, म्हणजे जागा वायाच घालवत होतो म्हणा ना! मग शोधा घर. सगळं दोहा पालथं घातलं. जिथं जाऊ तिथं एजंटची मान तिरकी. जी घरं मिळत होती ती परवडत नव्हती आणि जी परवडत होती त्यांना खिडक्या नव्हत्या. एके दिवशी आसावरी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, 'आम्ही जातो नाशिकला. शाळा सुरू व्हायच्या आत मिहीरची अॅडमिशन करते. हे सगळं संपलं, भाडी उतरली, की बघू.' मी म्हटलं, बघू म्हणजे येणार ना? तर पोळी तव्यावर टाकली तिनं आणि म्हणाली, 'आधी तू जेव.' म्हणजे, उत्तर आहे का हे? नवरा विचारतोय परत येणार का, आणि ही म्हणतेय जेव!

एअरपोर्टवर मिहीर, सगळं आयुष्य माझ्याशी इंग्रजीत बोललेला मुलगा, ट्रॉली ढकलत पुढं गेला, परत आला आणि म्हणाला, 'बाबा, वेळेवर जेवत जा.' मराठीत! स्वच्छ मराठीत! मी म्हटलं हो. ते आत गेले. मी पार्किंगमध्ये आलो, गाडीत बसलो, एसी लावला. काही वाटलं नाही. तुम्हाला सांगतो, ते देवव्रतचं मलम आहे ना, मला वाटतं ते हातातून वर वर चढत गेलं असणार, आणि उतरायचं राहूनच गेलं.

फ्लॅट सोडताना इनायतनं कार्डं मोजून घेतली. एक, दो, तीन, खलास. हात कोण मोजतो? त्याला आठवणच नाही, मलाही नाही. आणि तीच कार्डं तो नव्या लोकांना देणार होता, तोच नंबर. मी सामान उचललं आणि अल मुंतझाला देवव्रतच्या खोलीवर गेलो. तिथं खाट, खाटेवर मी, आणि डोक्यावर फळीवर त्याचे छंद. रात्रभर कसले कसले दिवे लुकलुकतात. मी विचारत नाही.

मग एका संध्याकाळी... साइटवरून येत होतो, डोक्यात काही नव्हतं, पाय चालत होते. मेट्रोच्या ग्रीन लाइनमधून उतरलो, वाण्याकडं मान हलवली, लिफ्टमध्ये शिरलो, लिफ्टला धाप लागली, दारासमोर उभा राहिलो आणि हात लावला. टिंग. हिरवा. आत गेलो, चपला काढल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं... अरे, आपण इथं राहत नाही!

आता शहाणा माणूस काय करेल? मागच्या पावली पळेल! दुसऱ्याच्या घरात शिरलास, परक्या देशात, कुणी पोलिसांना बोलावलं तर नोकरी गेली, व्हिसा गेला, वर्ल्ड कपच्या आत नाशिक! मला हे सगळं समजत होतं हो. समजत होतं आणि मी उभा होतो. नवा रंग दिला होता. देवघर होतं त्या कोपऱ्यात फुटबॉलचं पोस्टर. मिहीरच्या खोलीत दुमजली खाटा, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. काही वाटलं नाही. पण तुम्हाला सांगतो, एसी खर्रखर्र करत होता! त्या रंगवाल्यांनी भिंती घासताना एसी चालू ठेवला असणार, सगळी भुकटी फिल्टरमध्ये! इतकी वर्षं मी त्या मशीनला फुलासारखं जपलं, आवाज म्हणून केला नाही त्यानं कधी, आणि आता हे असं खोकतंय? नाही बघवलं मला. चढलो वरच्या खाटेवर, काढला फिल्टर, बाथरूममध्ये नेऊन धुतला, झटकला, आणि परत चढून बसवतोय... तेवढ्यात दार उघडलं आणि इनायत. मागं गाद्या घेतलेली दोन माणसं.

तो माझ्याकडं बघतोय. मी खाटेवर, गुडघ्यांवर, हातात फिल्टर, पाणी ठिबकतंय. 'संजीवभाई?' म्हटलं, हां. 'अंदर कैसे आये आप?' मी उजवा हात वर केला. त्याला कळेना. खाली उतरलो, बाहेर नेलं, दार ओढलं, हात लावला. टिंग. परत. टिंग. गादीवाले म्हणाले, 'फिर एक बार दिखाओ!' इनायतनं कपाळाला हात लावला. मला वाटलं आता फोन काढतो, आता संपलं. त्यानं दाराकडं बघितलं, माझ्या ओल्या पँटीकडं बघितलं, एसीचा कानोसा घेतला, आवाज बंद झाला होता, आणि हळूच म्हणाला, 'संजीवभाई... ऊपरवाले दो फ्लॅट का भी ऐसाच आवाज कर रा. देख लेते क्या?'

बघितले! दोन्ही बघितले! फिल्टर धुतले, नळीतला गाळ काढला, आणि सगळं झाल्यावर इनायत मला खालपर्यंत सोडायला आला. वेलची दिली. म्हणाला, 'माफ करना, कल लॉक का नंबर बदलना पडता.' मी म्हटलं, बदला ना, बदलायलाच पाहिजे, तुमचं बरोबर आहे. आणि खरंच बदलला की नाही बघायला, तेवढंच फक्त बघायला, दोन दिवसांनी परत गेलो. उजवा हात लावला. लाल. पालथा करून लावला. लाल. शर्टाला पुसून लावला, जशी काही धूळ बसलीय! लाल. आतून कुणीतरी हसत होतं, पाहुणे आले असावेत लवकर. एसी मात्र गप्प होता, कान लावून ऐकलं मी.

खोलीवर देवव्रत म्हणाला, 'म्हणजे आता तुझी चिप काहीच उघडत नाही. काढू का? मी व्हिडिओ...' म्हटलं, तू लांब राहा.

मग आसावरीचा फोन आला. जेवलास का, काय जेवलास, रोजचं. मी म्हटलं, एक सांग, आता तुम्ही राहता त्या भाड्याच्या घराच्या दाराला कुलूप कुठलं आहे? कार्डाचं आहे का? म्हणाली, 'का?' म्हटलं, असंच. ही चिप लॉक आहे ना, हिच्यात दुसरा नंबर बसत नाही, पण देवव्रत म्हणतो, कुलूपच नवं असलं तर त्यालाच हिचा नंबर शिकवता येतो... मी बोलतच सुटलो हो, नंबर, चिप, सेटिंग. म्हटलं, ऐकतेयस ना? तर म्हणाली, 'संजीव, मी घरीच असते रे. तू बेल वाजव. मी उघडते.'

आणि फोनवर कुकरची शिट्टी झाली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी रजा मागायला साहेबांकडं. आमचे जाफरभाई, श्रीवर्धनचे, जुना माणूस, माझ्याशी मराठीत बोलतात. म्हटलं, जाफरभाई, चार दिवस द्या, नुसता जाऊन येतो. त्यांनी चष्मा काढला. 'संजीवराव, हातात एवढी हॉटेलं आहेत, सगळ्यांचे एसीचे चिलर चालू करायचेत, वरून हुकूम आहे, कुणाला सोडायचं नाही. फायनल झाली की जा. महिनाभर जा. इन्शाल्ला.' मी म्हटलं, बरं. 'नाराज नाही ना?' म्हटलं, नाही. मला काही वाटत नाही. 'शाब्बास!' म्हणाले, उठले, टेबलावरून वाकून हात पुढं केला, मीही केला, आणि त्यांनी आपल्या दोन्ही हातांत माझा उजवा हात घेऊन दाबला, मायेनं दाबला हो, जोरात, नेमका तिथं. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं आणि थांबेचना! खांदे हलताहेत, नाक वाहतंय, मी दाराकडं तोंड फिरवतोय, आणि जाफरभाई घाबरून, 'अहो संजीवराव! काय झालं? काय झालं काय?'

म्हटलं, काही नाही हो... चिप आहे तिथं. ती दुखली.

'मग काढून टाका ना ती!'

म्हटलं, काढतो ना. फायनल झाल्यावर.